पलीकडच्या शिवारातली इर्जिक

पाकिस्तान म्हटले की आपल्याला सीमा आणि लढायाच आठवतात. पण तिथल्या खेड्यात डोकावले, तर ओळखीचे पुष्कळ सापडते.

तिथल्या पंजाबात गहू कापणीला येतो एप्रिलमध्ये. पीक वाळून उभे, वळवाची धास्ती आणि घरात हात थोडे. अशा वेळी शेतकरी गावाला 'वंगारी'चे बोलावणे धाडी. शेजारीपाजारी विळे घेऊन येत, बांधावर ढोल वाजे आणि त्या ठेक्यावर कापणी चाले. मजुरी कोणी घेत नसे. मालकाने पोटभर जेवू घालायचे आणि उद्या आपण दुसऱ्याच्या शेतात जायचे, एवढाच करार. वायव्येकडचे पठाण यालाच 'अशर' म्हणतात. पाटातला गाळ काढायचा असो की कोणाचे घर उभारायचे असो, ढोल वाजला की गाव गोळा होते.

ही आपली इर्जिकच नव्हे का? एकाच्या रानात साऱ्या गावाच्या बैलजोड्या उतरायच्या आणि संध्याकाळी त्याच्या घरी पंगत बसायची.

आता तिकडेही हार्वेस्टर आले आणि वंगार कमी झाली. यंत्राने वेळ वाचतो, हे खरे. पण यंत्र भाडे मागते. शेजारी फक्त भाकरी मागतो. ज्या घरचा कर्ता अंथरुणाला खिळला आहे, त्याने भाडे आणावे कुठून?

तेव्हा यंदाच्या सुगीत आपल्या बांधाला लागून असे एखादे रान असेल, तर बोलावण्याची वाट पाहू नका. विळा घ्या आणि निघा.