वर्गाबाहेरची शाळा आणि उद्योगनगरी

राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने २०२० मध्ये सहावी ते आठवीच्या विद्यार्थ्यांसाठी दहा दप्तरमुक्त दिवसांची शिफारस केली. त्याच्या मार्गदर्शक सूचना एनसीईआरटीने २०२४ मध्ये जाहीर केल्या. मात्र हे दहा दिवस आठवीपर्यंतच आहेत. नववीत पाऊल टाकताच दहावीच्या परीक्षेचे सावट पडते आणि उघड्यावरचे शिक्षण म्हणजे वर्षाकाठी एखादी सहल, एवढाच त्याचा अर्थ उरतो. परिसर समजून घेण्याची, त्याविषयी प्रश्न विचारण्याची कुवत ज्या वयात येते, नेमक्या त्याच वयात मुलांना चार भिंतींत कोंडले जाते. पिंपरी-चिंचवड आणि चाकणच्या औद्योगिक पट्ट्यात हा विरोधाभास अधिक ठळकपणे जाणवतो.

वास्तविक या पट्ट्याइतकी समृद्ध उघडी शाळा क्वचितच एखाद्या शहराला लाभली असेल. पवना, इंद्रायणी आणि मुळा या तीन नद्या येथे आहेत. पिंपरी, चिंचवड किंवा आकुर्डी स्थानकावर लोकलमध्ये बसले की मळवलीला उतरून भाजे लेणी, लोहगड आणि विसापूर पायी गाठता येतात. त्यातील लोहगड २०२५ मध्ये युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत समाविष्ट झाला. खुद्द चाकणमध्ये १६६० साली फिरंगोजी नरसाळा यांनी शाहिस्तेखानाच्या फौजेविरुद्ध लढवलेला संग्रामदुर्ग आहे. त्याच्या आसपास राहणाऱ्या किती विद्यार्थ्यांनी तो शिक्षकांसोबत पाहिला आहे, याचा शोध शाळांनी एकदा घ्यावा.

राज्य मंडळाने नववी-दहावीसाठी 'जलसुरक्षा' हा श्रेणी विषय आणला, हे स्वागतार्हच होते. परंतु हा विषय वहीत सोडवायचा नसून नदीकाठी शिकायचा आहे. रावेत येथे पवनेचे पाणी उचलले जाते, निगडीत ते शुद्ध होते आणि मग घरोघरी पोहोचते. तीच नदी चिंचवडला मोरया गोसावींच्या समाधीवरून पुढे जाताना शहराचे सांडपाणी पोटात घेते. एका दिवसाच्या पायपिटीत हे सारे चक्र विद्यार्थ्याला दिसू शकते. आळंदीला इंद्रायणीवर वारंवार तरंगणारा फेस कशाचा, हा रसायनशास्त्राचाही प्रश्न आहे आणि नागरिकशास्त्राचाही. धरणातून शहरापर्यंत बंद जलवाहिनी टाकण्याच्या वादात ९ ऑगस्ट २०११ रोजी बऊर येथे झालेल्या पोलीस गोळीबारात मावळातील ३ शेतकऱ्यांचा बळी गेला. आपल्या नळाच्या पाण्यामागे हा इतिहासही आहे, याची जाणीव शहरी मुलाला वर्गात बसून होणे कठीण आहे.

मग शाळा बाहेर का पडत नाहीत? अपघाताची भीती हे सर्वांत मोठे कारण आहे आणि ती निराधार नाही. १ फेब्रुवारी २०१६ रोजी मुरूडच्या समुद्रात पुण्याहून सहलीला गेलेले १४ महाविद्यालयीन विद्यार्थी बुडाले. १५ जून २०२५ रोजी कुंडमळा येथे इंद्रायणीवरील जुना लोखंडी पूल कोसळून ४ जण मृत्युमुखी पडले. अशा प्रत्येक दुर्घटनेनंतर नियम कडक होतात, परवानग्यांचे कागद वाढतात आणि मुख्याध्यापक सोपा मार्ग म्हणून मनोरंजन उद्यानाची सहल निवडतात. मुलांना पाण्याचा, कड्याचा आणि गर्दीचा अंदाज घ्यायला शिकवणारी व्यवस्था मात्र उभी राहत नाही. ही मुले पुढे मित्रांसोबत, कोणत्याही देखरेखीविना, त्याच धरणांवर आणि धबधब्यांवर जातात. बंदीने धोका टळत नाही. तो केवळ शाळेच्या जबाबदारीबाहेर ढकलला जातो.

दुसरे कारण पैशाचे आहे. महागड्या खासगी शाळांची मुले निवासी साहस शिबिरांना जातात. कंपन्या आपल्या अधिकाऱ्यांना संघभावना शिकवण्यासाठी लोणावळा-पवना परिसरातील डोंगरांत नेतात. या प्रशिक्षणाचे मूळ कर्ट हान यांच्या विचारांत आहे. त्यांच्या प्रेरणेने १९४१ मध्ये वेल्समधील अॅबरडोव्ही येथे 'आउटवर्ड बाउंड'ची पहिली शाळा सुरू झाली, ती तरुणांसाठी. त्यांच्याच विचारातून घडलेल्या युनायटेड वर्ल्ड कॉलेज चळवळीचे एक विद्यालय १९९७ पासून मुळशी तालुक्यात आहे. म्हणजे व्यवस्थापकाला जे आवश्यक वाटते, ते त्याच कारखान्यातील कंत्राटी कामगाराच्या मुलाला मात्र चैन ठरते.

ही दरी बुजवण्यासाठी परदेशाकडेच पाहण्याची गरज नाही. चाकणच्या पूर्वेला, शिरूर तालुक्यातील पाबळ येथे डॉ. श्रीनाथ कलबाग यांनी १९८३ मध्ये विज्ञान आश्रम स्थापन केला. शेती, ऊर्जा, अभियांत्रिकी आणि आरोग्य यांतील प्रत्यक्ष कामातून आठवी ते दहावीच्या मुलांना शिकवणारा तेथील 'मूलभूत तंत्रज्ञानाची ओळख' हा अभ्यासक्रम पुढे राज्यातील अनेक शाळांत गेला. त्यासाठी आठवड्यातला एक दिवस वेळापत्रकातच राखून ठेवला जातो. हीच त्यातील कळीची गोष्ट होय. वेळापत्रकात जागा नसलेला उपक्रम आपल्याकडे टिकत नाही.

महापालिकेने आपल्या माध्यमिक शाळांसाठी नदी, टेकडी, किल्ला आणि कारखाना असे चार अभ्यासदिवस वर्षाच्या नियोजनातच निश्चित करावेत. शिक्षकांना प्रथमोपचार आणि सुटकेचे प्रशिक्षण, स्थळाची पूर्वपाहणी, विद्यार्थ्यांचा विमा आणि प्रत्येक लहान गटामागे एक जबाबदार प्रौढ, एवढे बंधनकारक केले तर भीतीला व्यवस्थेचे उत्तर मिळेल. २०१३ च्या कंपनी कायद्यानुसार मोठ्या उद्योगांना नफ्याचा काही भाग सामाजिक कामांवर खर्च करावाच लागतो आणि शिक्षण त्यात येते. चाकणच्या कंपन्यांनी इमारती आणि संगणकांबरोबर या दिवसांचा खर्चही उचलावा.

आज नववीत असलेली मुले दहा वर्षांनी याच पट्ट्यात अभियंते, ठेकेदार, नगरसेवक आणि मतदार असतील. नदीपात्रातला भराव आणि टेकडीवरचे खोदकाम यांवरचे निर्णय त्यांच्याच हाती असतील. जी नदी त्यांनी कधी पायी पाहिलीच नाही, तिच्या बाजूने ते उभे राहतील, ही अपेक्षा बाळगण्याचा अधिकार आपल्याला नाही.