भविष्यवेधी फॉन्ट आणि साताऱ्याचा अर्धा र

हल्ली जो तो उठतो आणि 'फ्युचरिस्टिक' फॉन्ट मागतो. स्टार्टअपचा लोगो असो, जिमची पाटी असो की गणेश मंडळाचा टी-शर्ट... अक्षरं जाड, चौकोनी, गोलसर कोपऱ्यांचीच पाहिजेत. म्हणजे काय, तर युरोस्टाइलसारखं काहीतरी. अल्दो नोव्हारेजे या इटालियन माणसाने तो १९६२ साली काढला, हॉलिवुडने अंतराळयानांच्या पडद्यांवर वापरला, आणि भविष्यकाळ म्हणजे कोपरे घासलेला चौकोन हे आपल्या डोक्यात पक्कं बसलं.

चौकोनाला माझा विरोध नाही. इंडियन टाइप फाउंड्रीचे टेको आणि राजधानी हे देवनागरी फॉन्ट तशाच बांधणीचे आहेत, फुकट मिळतात, ठसठशीत दिसतात. माझं भांडण आपल्याशी आहे. फॉन्ट निवडताना आपण इंग्रजी नमुना बघतो, फार तर 'नमस्ते' टाइप करतो, की झाली पसंती!

अहो, 'साताऱ्याचा कंदी पेढा' टाइप करून बघा की! त्यातला अर्धा र म्हणजे य च्या डावीकडची छोटीशी वाकडी रेघ. हिंदीला तिची गरज पडत नाही, मराठीचं तिच्यावाचून अडतं. चौकोनी सापळ्यात ती सहज बसत नाही आणि जाड केली की शेजारच्या अक्षराला धडकते. मग सोपा उपाय काय? ठोका रफार! 'सातार्याचा', 'कर्हाड'. हे नुसतं कुरूप नाही, चूक आहे. 'आचाऱ्यांना पैसे द्या' आणि 'आचार्यांना पैसे द्या' यात पैसे भलत्याच माणसाला जातात, राव!

तीच गत ल आणि श ची. राज्य सरकारने २००९ साली शासन निर्णय काढून मराठी वळणाचे ल, श ठरवून दिले. पानाची भाषा मराठी आहे असं कोडमध्ये सांगितलं, तर सोय असलेला फॉन्ट ते आपोआप दाखवतो. आपण तेवढंही सांगत नाही.

कोणी म्हणेल, डिस्प्ले फॉन्टला एवढं कशाला? उलट, त्यालाच जास्त! मजकुरात एखादं अक्षर बिघडलं तर बाकीचं वाक्य सांभाळून घेतं. पाटीवर दोनच शब्द असतात, आणि ते बहुतेक वेळा गावाचं नाहीतर माणसाचं नाव असतं.

'एवढ्या जाडीत जमत नाही हो' हेही कारण चालणार नाही. मुंबईच्या एक टाइपचा 'मोदक' बघा. अक्षरांच्या पोटात केसाएवढी फट उरलीय, तरी प्रत्येक अक्षर ओळखू येतं. कारण तो देवनागरीच्या वळणातूनच फुगवलाय.

बटणाच्या रंगासाठीही टेस्ट केस लिहिणारी माणसं आपण. ही एक आणखी घ्या: 'साताऱ्याहून कऱ्हाड, शिराळा, पलूस, सांगली'. पाच गावं, एक ओळ. अर्धा र, श, ळ, ल, अनुस्वार, सगळं आलं. ही ओळ नीट उमटली नाही तर फॉन्ट कितीही भविष्यातला असो, सरळ नापास करा.