वैमानिक जमिनीवर, मार्ग कागदावर

२७ एप्रिल २०१७ रोजी पंतप्रधान नरेंद्र मोदी यांनी शिमला येथे ‘उडान’ योजनेतील पहिल्या विमानाला हिरवा झेंडा दाखवला. त्याच दिवशी नांदेड आणि हैदराबाद ही शहरेही या योजनेने हवाईमार्गाने जोडली गेली. हवाई चप्पल घालणारा सामान्य माणूस हवाई जहाजात दिसावा, ही पंतप्रधानांची आकांक्षा होती. श्री गुरू गोविंदसिंहजींच्या वास्तव्याने पावन झालेल्या नांदेडला ती प्रत्यक्षात उतरताना दिसली. परंतु हा मार्ग चालवणाऱ्या ट्रूजेट या कंपनीची सर्व उड्डाणे फेब्रुवारी २०२२ मध्ये थांबली. शहराला पुढे अन्य कंपनीची सेवा मिळाली. मात्र ज्यांनी हा मार्ग प्रारंभी चालवला, त्या वैमानिकांचे पुढे काय झाले, असा प्रश्न फारसा कोणी विचारला नाही. तो विचारण्याची वेळ आता आली आहे.

‘उडान’च्या मूळ हेतूविषयी शंका घेण्याचे कारण नाही. स्वातंत्र्यानंतर अनेक दशके विमानप्रवास ही मूठभरांची मिरासदारी होती. लहान शहरांतील धावपट्ट्या गवत वाढून पडल्या होत्या. फेब्रुवारी २०२५ च्या अर्थसंकल्पीय भाषणात दिलेल्या माहितीनुसार या योजनेतून ८८ विमानतळ जोडले गेले, ६१९ मार्ग सुरू झाले आणि दीड कोटी मध्यमवर्गीयांना तिचा लाभ झाला. हे यश निर्विवाद आहे. पण आपल्या माणसाने केलेल्या कामातील उणीव आपणच दाखवावी, हेही कर्तव्य आहे. नियंत्रक व महालेखापरीक्षकांच्या २०२३ च्या अहवालाने ही उणीव आकड्यांत मांडली. योजनेच्या तिसऱ्या टप्प्यापर्यंत मंजूर झालेल्या ७७४ मार्गांपैकी ४०३ मार्ग सुरूच होऊ शकले नाहीत. जे ३७१ सुरू झाले, त्यांपैकी केवळ ११२ मार्गांनी सवलतीची तीन वर्षे पूर्ण केली आणि मार्च २०२३ पर्यंत त्यानंतरही टिकून राहिलेले मार्ग अवघे ५४ होते.

या आकड्यांमागील कारणे गूढ नाहीत. सरकार अशा मार्गाला तीन वर्षे तूट भरून काढणारे अनुदान देते. त्या बदल्यात निम्म्या आसनांचे भाडे मर्यादित ठेवावे लागते. मुदत संपली की मार्गाने स्वतःच्या पायावर उभे राहावे, अशी अपेक्षा असते. प्रत्यक्षात लहान कंपन्यांच्या ताफ्यात मोजकीच विमाने असतात. त्यांचे भाडे डॉलरमध्ये द्यावे लागते, सुटे भाग परदेशातून आणावे लागतात आणि एक विमान दुरुस्तीला गेले की चार गावांचे वेळापत्रक कोलमडते. मुंबईसारख्या विमानतळावर सोयीची वेळ मिळणे दुरापास्त असते. सिंधुदुर्गातील चिपी विमानतळाचे उदाहरण कोकणवासीय विसरलेले नाहीत. ९ ऑक्टोबर २०२१ रोजी वाजतगाजत सुरू झालेली तेथील मुंबईची सेवा सवलतीची तीन वर्षे संपताच ऑक्टोबर २०२४ मध्ये थांबली. प्रवाशाला निदान कोकण रेल्वेचा पर्याय होता. वैमानिकाला कोणता पर्याय असतो?

वैमानिक म्हणजे गलेलठ्ठ पगाराचा, पंचतारांकित हॉटेलांत उतरणारा माणूस, अशी आपली समजूत असते. प्रादेशिक मार्गांवर उडणारा तरुण सहवैमानिक बहुधा तुमच्या-आमच्यासारख्याच घरातून आलेला असतो. व्यावसायिक परवान्यासाठी किमान २०० तास उड्डाण करावे लागते. त्या प्रशिक्षणाचा खर्च अर्ध्या कोटीच्या घरात आणि कित्येकदा त्याहूनही वर जातो. वडिलांचा भविष्यनिर्वाह निधी, आईचे दागिने आणि घरावर काढलेले कर्ज यांतून तो परवाना हाती येतो. पुढे ज्या प्रकारचे विमान उडवायचे, त्याचे स्वतंत्र प्रशिक्षण घ्यावे लागते. एटीआर उडवणाऱ्याला ते पूर्ण केल्याशिवाय एअरबस उडवता येत नाही, आणि तो खर्चही लाखांतच असतो. म्हणजे मार्ग बंद झाला म्हणून शेजारच्या कंपनीत जावे, इतके हे सोपे नाही.

या व्यवसायात केवळ ज्ञान असून भागत नाही, सरावही अखंड लागतो. गेल्या ९० दिवसांत किमान तीन वेळा विमान उडवून उतरवलेले असावे लागते, दर सहा महिन्यांनी कौशल्याची चाचणी द्यावी लागते, वैद्यकीय प्रमाणपत्राचेही ठरावीक मुदतीत नूतनीकरण करावे लागते. शिक्षक वर्षभर घरी बसला तरी शिक्षकच राहतो. वैमानिक घरी बसला की त्याची पात्रता दिवसागणिक झिजत जाते आणि कर्जाचा हप्ता मात्र चुकत नाही. कोरोनाच्या टाळेबंदीत, एप्रिल २०२० मध्ये, मुंबई-जळगाव-नाशिक अशा मार्गांसाठी ‘उडान’मध्ये उतरलेल्या एअर डेक्कनने सेवा थांबवली आणि सर्व कर्मचाऱ्यांना विनावेतन रजेवर पाठवले. ‘रजा’ हा शब्द सौम्य आहे, पण ज्या रजेला परतीची तारीख नसते, ती रजा नव्हे.

येथे एक विसंगती डोळ्यांत भरते. २०१७ च्या नियमानुसार नोकरी सोडणाऱ्या कमांडरने एक वर्षाची आणि सहवैमानिकाने सहा महिन्यांची पूर्वसूचना दिली पाहिजे. विमानसेवा अचानक विस्कळीत होऊ नये, हा त्यामागील हेतू योग्यच आहे. पण २०२० मध्ये घरी पाठवल्या गेलेल्यांना एक वर्षाची पूर्वसूचना मिळाली नव्हती. राष्ट्रहितासाठी एका बाजूला बंधन घालायचे, तर दुसऱ्या बाजूलाही त्याच मापाचे उत्तरदायित्व असले पाहिजे. दुसरी विसंगती अधिक गंभीर आहे. डिसेंबर २०२५ मध्ये इंडिगो या सर्वांत मोठ्या कंपनीची हजारो उड्डाणे रद्द झाली. वैमानिकांच्या विश्रांतीचे नवे नियम लागू झाले असता पुरेसे मनुष्यबळ हाताशी नव्हते, हे त्याचे प्रमुख कारण होते. महानगरांच्या मार्गांवर वैमानिक अपुरे पडावेत आणि लहान मार्गांवरील वैमानिकांच्या डोक्यावर घरी बसण्याची टांगती तलवार असावी, याला नियोजन म्हणत नाहीत.

भारतीय मजदूर संघाचे संस्थापक दत्तोपंत ठेंगडी यांनी उद्योगाकडे मालक आणि नोकर यांच्या झगड्याचे रणांगण म्हणून न पाहता एक कुटुंब म्हणून पाहण्याची दृष्टी दिली. कुटुंबावर संकट आले की झळ सर्वांनी वाटून घ्यायची असते. ती सर्वांत कनिष्ठ सदस्याच्या ताटातूनच प्रथम वजा करायची नसते. या दृष्टीने काही गोष्टी तातडीने करण्याजोग्या आहेत. या योजनेसाठी प्रमुख मार्गांवरील उड्डाणांवर अधिभार आकारला जातो. त्यातील लहानसा वाटा बंद पडलेल्या मार्गांवरील वैमानिकांचा सराव, चाचण्या आणि परवाना चालू ठेवण्यासाठी राखून ठेवता येईल. अनुदान घेणाऱ्या कंपनीने मार्ग सोडताना कर्मचाऱ्यांचे वेतन चुकते केल्याखेरीज तिला नवा मार्ग मिळू नये. अन्य विमानाच्या प्रशिक्षणासाठी अल्प व्याजाचे कर्ज मिळावे. डोंगराळ आणि मागास भागांसाठी तीन वर्षांची एकच फूटपट्टी न लावता गरजेनुसार मुदत वाढवावी. नवी मुंबईच्या विमानतळावर डिसेंबर २०२५ पासून उड्डाणे सुरू झाली. तेथे राज्यातील लहान शहरांसाठी सोयीच्या वेळा राखून ठेवाव्यात.

यापुढचे पाऊल स्वदेशीचे आहे. एप्रिल २०२२ मध्ये हिंदुस्थान एरोनॉटिक्सने बांधलेले १७ आसनांचे डॉर्निअर दिब्रुगढहून अरुणाचलातील पासीघाटला प्रवासी घेऊन गेले. भाड्याच्या विदेशी विमानांवर उभा असलेला मार्ग डॉलरच्या चढउताराने हादरतो, आपल्या कारखान्यातील विमानांवर उभा राहिलेला मार्ग अधिक काळ तग धरू शकेल. सरकारने येत्या १० वर्षांत १२० नवी ठिकाणे जोडण्याचा संकल्प सोडला आहे. त्याचे स्वागतच केले पाहिजे. मात्र धावपट्टी डांबराने बांधली जाते, तर मार्ग माणसांनी बांधला जातो. अंत्योदयाचे विमान शेवटच्या गावापर्यंत न्यायचे असेल, तर ते नेणाऱ्याच्या घरातली चूल पेटती राहील, याची हमी त्या संकल्पाचाच भाग असली पाहिजे.