शनवारतेल्यांचीं कीर्तनें

यहुदी संगीतावर एखादी नभोवाणीमाला व्हावी, असें म्हटलें कीं श्रोत्यांस पोलंड, येमेन, स्पेन आठवतात; अलिबाग-पेण कोणास आठवत नाहीं! वस्तुतः आकाशवाणीची ओळखधून ज्यांची मानली जाते, ते वॉल्टर कौफमन हे १९३४ सालीं मुंबईस आश्रयार्थ आलेले यहुदीच. परंतु आम्हांस सांगावयाचें तें त्याहून जवळचें आहे.

कोंकणांतील बेने इस्राएल लोक तेलाचे घाणे चालवीत व शब्बाथामुळें शनवारीं ते बंद ठेवीत. म्हणून ते शनवारतेली. या समाजांतील डेव्हिड हाईम दिवेकर, बेंजामिन शिमशोन अष्टमकर प्रभृतींनीं १८८० च्या सुमारास मराठींत कीर्तनें आरंभिलीं. आख्यान अब्राहामाचें किंवा योसेफाचें. साज मात्र साकी, दिंडी, आर्या, ओंवी असा सगळा आपला. गोदाकांठीं कीर्तनें ऐकत वाढलेल्या नाशिककरास योसेफाच्या भावांचें कपट दिंडींतून ऐकतांना कथा नवी वाटेल, चाल परकी वाटणार नाहीं.

१९४८ नंतर हा समाज बहुसंख्येनें इस्राएलांत गेला. तेथील नातवंडें हिब्रू बोलतात. मराठी पदें मुख्यतः वृद्ध स्त्रियांच्या कंठीं उरलीं आहेत. हिब्रू प्रार्थनेस सारें यहुदी जग आहे; या पदांचा अर्थ जाणणारा श्रोता मराठी मुलखाबाहेर कोठें मिळावा? म्हणून नाशिक आकाशवाणीनें अशी माला हातीं घ्यावी, असें आम्हांस वाटतें. निवेदन, विवेचन सावकाश लिहितां येईल. त्या आजीबाईंचें गाणें आधीं मुद्रित करून घ्यावें.