सुरांचा हिशेब

विशीत असताना जॉन स्टुअर्ट मिल खोल नैराश्यात सापडला होता. त्या दिवसांत त्याला छळणाऱ्या चिंतांपैकी एक मोठी विलक्षण होती : संगीत संपून जाईल ही. सप्तकातले स्वर मोजके, त्यांच्या जुळण्या मर्यादित आणि त्यांतल्या सुंदर त्याहूनही थोड्या. त्यांपैकी बहुतेक शोधून झाल्या असतील, तर पुढचे मोझार्ट यायचे कुठून? १८७३ साली प्रसिद्ध झालेल्या आत्मचरित्रात मिल या चिंतेकडे काहीसा हसूनच पाहतो. चिंता मात्र मिलबरोबर गेली नाही. २०२० मध्ये अमेरिकेतील डेमियन रील हा वकील आणि नोआ रूबिन हा प्रोग्रामर यांनी आठ स्वरांतून होऊ शकणाऱ्या बारा स्वरांच्या यच्चयावत ओळी संगणकाकडून तयार करवून घेतल्या व सर्वांसाठी खुल्या केल्या. संख्या ६८ अब्जांहून अधिक. हेतू स्वामित्वहक्काच्या खटल्यांना आळा घालण्याचा होता, त्याविषयी तक्रार नाही. पण 'म्हणजे आता सगळ्या चाली बांधून झाल्या' असे कोणी म्हणू लागले, की विचारावेसे वाटते : मोजले काय?

असा हिशेब आपल्याकडेही आहे. व्यंकटमखीने सतराव्या शतकात ७२ मेल मांडले. एका मेलात षड्ज कायम ठेवून संपूर्ण, षाडव व औडव मिळून आरोहाचे २२ प्रकार होतात, अवरोहाचेही तितकेच. म्हणजे ४८४ राग, आणि ७२ मेलांचे ३४,८४८. संगीताच्या परीक्षांना बसणारे विद्यार्थी हा आकडा पाठ करतात. गंमत अशी की, या चौतीस हजारांच्या गर्दीत केदाराला जागाच नाही! केदाराला दोन्ही मध्यम लागतात आणि मेलात मध्यम एकच. ललितही याच कारणाने बाहेर राहतो.

याच्या उलट मारवा, पूरिया आणि सोहनी पाहा. तिन्हींत पंचम वर्ज्य, रिषभ कोमल, मध्यम तीव्र, बाकीचे स्वर शुद्ध. आकडेमोडीला त्यांच्यातला भेद जवळजवळ दिसतच नाही. पण मारवा षड्जाला चुकवत कोमल रिषभावर आणि धैवतावर रेंगाळतो, आणि ऐकणाऱ्याला घर सापडेनासे होते. पूरिया मंद्रात उतरून गांधार-निषादाशी स्थिरावतो. सोहनी तर तार षड्जापाशीच घुटमळते. कुठे थांबायचे, कुठून यायचे, कशाला हुलकावणी द्यायची यावर राग उभा असतो, आणि याची जुळणी मोजता येत नाही. वर्णमालेतली अक्षरे मोजून कादंबऱ्या किती होतील हे आपण ठरवत नाही. संगीताच्या बाबतीत मात्र हा भाबडेपणा शास्त्र म्हणून खपतो.

मग मौलिकता अक्षय आहे असे म्हणायचे का? इतके छातीठोकपणे मी म्हणणार नाही. ती आटू शकते, पण वेगळ्या वाटेने. कुमार गंधर्व १९४८ साली क्षयाच्या आजारात देवासला आले. काही वर्षे गाणे बंद होते. त्या काळात माळव्यातली लोकगीते त्यांच्या कानावर पडत राहिली. पुढे त्यांनी ती जमवली, त्यांच्या धुनांत दडलेले राग शोधले. या रागांना ते धुनउगम म्हणत. मालवती, लगनगंधार, संजारी हे त्यांतले काही. १९६५ च्या 'अनूपरागविलास'मध्ये त्यांच्या बंदिशी आहेत. आता यांतला एखादा राग ३४,८४८ मध्ये कुठेतरी क्रमांक लावून आधीच बसला होता असे कोणी दाखवून देईलही. त्याने काय साधते? तो तिथे कोणालाच ऐकू येत नव्हता. ऐकू आला तो माळव्यातल्या बायका गात होत्या म्हणून, आणि अंथरुणावर पडलेला एक गवई कान देऊन होता म्हणून.

तेव्हा भीती धरायचीच तर ती या गाण्याची धरावी. महाराष्ट्रात पिठाची गिरणी आली आणि पहाटेचे जाते थांबले. बायकांचे कष्ट वाचले, याबद्दल हळहळण्याचा अधिकार निदान मला नाही. पण त्याबरोबर ओवी गाण्याचे निमित्तही गेले. हेमा राईरकर आणि गी पॉइटवाँ यांनी सहकाऱ्यांसह एक लाखाहून अधिक ओव्या टिपून ठेवल्या, हे काम थोर आहे. त्यांतल्या काही हजारांचेच ध्वनिमुद्रण झाले. उरलेल्या ओव्यांचे शब्द आज वाचता येतात. कोणत्या गावच्या बाईने त्या कशा आळवल्या, कुठल्या अक्षरावर श्वास घेतला, ते आता ऐकता येत नाही.