खडू-फळा : ऑरगॅनिकचा पेपर आणि घरचा फोन



धनत्रयोदशीला आपण धन्वंतरीची पूजा करतो आणि पाठोपाठ लक्ष्मीची. घरात दोघांनाही सारखाच मान. पण मूल एकदा ‘प्री-मेड’ म्हणून कॉलेजला गेलं, की एकीकडून दुसरीकडे जायची वाट आपण मनातल्या मनात बंद करून टाकतो. यंदाचं सदर त्या वाटेबद्दल आणि माझ्या एका चुकीबद्दल.

मी 35 वर्षं ऑरगॅनिक केमिस्ट्री शिकवली. हा विषय प्री-मेडच्या मुलांना किती रडवतो, हे इथे वाढलेल्यांना सांगायला नको. पेपर तपासून परत दिले की माझ्या ऑफिसबाहेर रांग लागायची. सात-आठ वर्षांपूर्वी त्या रांगेत आपल्याच ओळखीतल्या एका मराठी कुटुंबातला मुलगा होता. (त्याची परवानगी घेऊन लिहितोय, नाव मात्र सांगणार नाही.) दुसऱ्या वर्षाचं स्प्रिंग सेमिस्टर. गुण चांगले होते. तो म्हणाला, “काका, मला हे जमतंय, पण आवडत नाही. इकॉनॉमिक्सचे दोन कोर्स घेतले, त्यात मात्र वेळ कसा जातो कळत नाही. मला फायनान्समध्ये जायचंय. तुम्ही बाबांशी बोलाल का?”

मी बोलायला हवं होतं. त्याऐवजी म्हणालो, “अरे, इतक्यात कुठे? आणखी एक वर्ष कर, मग बघू.”

असं का म्हणालो? मी मुंबईत इंटर सायन्सला बी ग्रुप घेतला होता. मेडिकलची सीट थोडक्या गुणांनी हुकली. वडील एक शब्द बोलले नाहीत, पण त्या रात्री जेवलेही नाहीत. केमिस्ट्री मी नाइलाजानं घेतली. प्रेम पुढे जडलं. ज्याला ती वाट मोकळी आहे त्यानं ती आपणहून सोडावी, हे माझ्या मनाला पटेना. समोर बसलेल्या मुलाला सल्ला देताना मला दिसत होतं ते वडिलांचं भरलेलं ताट.

त्या सल्ल्याची किंमत काय झाली, ते आई-वडिलांनी नीट समजून घ्यावं. अमेरिकेत प्री-मेड ही पदवी नाही. बायॉलॉजी, केमिस्ट्री, फिजिक्स असे काही ठरावीक कोर्स आणि एमकॅटची तयारी, एवढंच ते असतं. पदवी इकॉनॉमिक्सचीही घेता येते. तेव्हा मूल प्री-मेड सोडतं म्हणजे कॉलेज सोडत नाही. पण घड्याळं दोन आहेत. डॉक्टरकीचं घड्याळ संथ : कॉलेजची 4 वर्षं, मेडिकलची 4, मग रेसिडेन्सीची 3 ते 7. मोठ्या इन्व्हेस्टमेंट बँकांचं घड्याळ फार पुढे. तिसऱ्या वर्षानंतरच्या उन्हाळ्यातल्या इंटर्नशिपसाठी त्या दुसऱ्या वर्षातच मुलं निवडू लागतात, आणि पक्की नोकरी बहुधा त्या इंटर्नशिपमधूनच मिळते. म्हणजे ज्या सेमिस्टरला मूल ऑरगॅनिकशी झगडत असतं, नेमके तेव्हाच तिकडचे अर्ज सुरू असतात. ‘आणखी एक वर्ष’ म्हणजे ती गाडी चुकणं. त्याची चुकली.

म्हणून माझ्या तरुण वाचकांनो (मराठी वाचायला वेळ लागत असेल तर आजीकडून वाचून घ्या), विचार बदलतोय असं वाटलं की लगेच बोला. त्याआधी एक प्रश्न स्वतःला विचारा : मी कशापासून पळतोय, की कशाकडे जातोय? अभ्यास झेपत नाही म्हणून फायनान्सकडे जाणार असाल, तर तिथल्या पहिल्या एक-दोन वर्षांत आठवड्याला 80 तास काम करणारी मुलं आहेत, हे आधी ऐकून ठेवा. आणि मायकेल बरीचं उदाहरण आई-बाबांना देऊ नका. तो डॉक्टर झाला, स्टॅनफर्डची रेसिडेन्सी सोडली, 2000 साली स्वतःचा फंड काढला आणि 2008 च्या गृहकर्जांच्या संकटाचा अंदाज आधीच बांधला, हे सगळं खरं. पण तसा एखादाच. त्यापेक्षा कागदावर आराखडा दाखवा : कोणते कोर्स घेणार, अकाउंटिंग कधी, इंटर्नशिप कुठे, पहिली दारं बंद झाली तर दुसरी कोणती.

आणि पालकांनो, एमडीच्या कॉलेजांना दरवर्षी 50 हजारांहून जास्त मुलं अर्ज करतात. त्यातल्या निम्म्यांनाही जागा मिळत नाही. मन नसताना त्या शर्यतीत पळणं सोपं नाही. शिकलेलं विज्ञानही वाया जात नाही. औषध कंपन्यांत पैसे गुंतवणाऱ्यांना चाचण्यांचे निकाल वाचता येणारी माणसं लागतातच. शिवाय पुढे मन पुन्हा वळलं, तर पदवीनंतर राहिलेले कोर्स करून मेडिकलला अर्ज करता येतो. वाट परतीचीही आहे.

त्या मुलानं तिसऱ्या वर्षाच्या शेवटी घरी सांगितलं. एका लहान बँकेच्या कर्जविभागात सुरुवात केली. आज तो हॉस्पिटलांच्या नव्या इमारतींसाठी कर्ज उभं करून देतो आणि मजेत आहे. गेल्या गणपतीत त्याचे वडील मला म्हणाले, “सर, एकच गोष्ट लागते मनाला. वर्षभर तो माझ्याशी बोललाच नाही.”

तेव्हा मी त्यांना सांगितलं : तो माझ्याकडे आला होता, आणि मीच त्याला थांबवलं.

ते बराच वेळ गप्प होते. मग म्हणाले, “तुम्ही तेव्हा फोन केला असतात, तर मी चिडलो असतो. पण सर, चिडून झालं तरी असतं!”

मंडळी, कुणाला असा फोन करायचा असेल, तर यंदा करून टाका. एकट्यानं धीर होत नसेल, तर मला सांगा. या वेळी मी शेजारी बसेन.