हृदयाची झडप आणि पिंपरीचे पेनिसिलीन

हृदयविकार हा सुखवस्तूंचा, बसून खाणाऱ्यांचा रोग होय, हा समज इतका रुजवला गेला आहे की कष्टकऱ्यांच्या घरांतही तो खरा मानला जातो. सरकारी वा पालिकेच्या वैद्यकीय महाविद्यालयाच्या हृदयरोग विभागाबाहेरील बाकावर एक सकाळ घालवणाऱ्यास मात्र तो टिकवता येणार नाही. झटका आलेल्या पन्नाशीच्या कारकुनाशेजारी तेथे पंचविशीची शेतमजूर स्त्री बसलेली असते. जिना चढताना तिला धाप लागते आणि गरोदरपणात तर जीव कासावीस होतो. तिने ना तूप खाल्लेले असते, ना तिला मोटारीत बसून फिरण्याची सवय असते. लहानपणी एका खोलीत सात-आठ माणसे निजत असताना तिचा घसा सुजला, त्या स्ट्रेप्टोकोकस जंतूवर वेळीच औषध झाले नाही, पुढे संधिवाताचा ताप आला आणि गेला. सांधे बरे झाले. हृदयाची झडप मात्र वर्षानुवर्षे आखडत राहिली. युरोप-अमेरिकेत या रोगाला ओहोटी लागली ती पेनिसिलीन सर्वत्र पोहोचण्याच्याही आधीपासून, राहती घरे सुधारू लागली तेव्हापासून. म्हणजे हा रोग जितका वैद्यकशास्त्राचा, तितकाच चाळीच्या खोलीचा आणि मजुरीच्या दराचा आहे.

या बाकावरील माणसे ज्या विभागाचे रुग्ण आहेत, त्या विभागाचे संशोधन कोणाच्या प्रश्नांवर चालावे, हा खरा वाद आहे. तो टाळण्यासाठी एक मखलाशी नेहमी केली जाते : सार्वजनिक रुग्णालयांनी गरिबांवर उपचार करावेत, उच्च दर्जाचे संशोधन त्यांच्या आवाक्याबाहेरचे आहे. असे म्हणणाऱ्यांना परळचा इतिहास ठाऊक नसतो किंवा तो सोयीस्करपणे विसरलेला असतो. अध्यापक भारतीयच असले पाहिजेत या देणगीदारांच्या अटीवर सेठ गोवर्धनदास सुंदरदास वैद्यकीय महाविद्यालय आणि के. ई. एम. रुग्णालय १९२५-२६ मध्ये उभे राहिले. केपटाऊनच्या पहिल्या हृदयारोपणास तीन महिनेही झाले नव्हते, तोच फेब्रुवारी १९६८ मध्ये डॉ. प्रफुल्लकुमार सेन यांनी तेथे हृदयारोपण केले. रुग्ण काही तासच जगला, हे खरे. पण जगातील अगदी आरंभीच्या हृदयारोपणांपैकी एक महानगरपालिकेच्या रुग्णालयात, करदात्यांच्या पैशावर झाले, हेही तितकेच खरे. ज्ञानाची उणीव तेव्हा नव्हती, आजही नाही. उणीव आहे ती पैशाची आणि त्याहून अधिक इच्छेची. २०१७ च्या राष्ट्रीय आरोग्य धोरणाने सार्वजनिक आरोग्यावरील खर्च २०२५ पर्यंत राष्ट्रीय उत्पन्नाच्या अडीच टक्क्यांवर नेण्याचे वचन दिले. सरकारच्याच हिशेबाप्रमाणे २०२१-२२ मध्ये तो १.८४ टक्के होता. विभागाकडे यंत्र नाही, तंत्रज्ञ नाही, प्राध्यापकाची जागा रिकामी आहे. अशा वेळी कंपनीचा प्रतिनिधी चाचणीचा आराखडा आणि निधी घेऊन दारात उभा राहतो. मग प्रश्न कोण विचारणार, हे वेगळे सांगावयास नको.

स्टेंटचे उदाहरण ताजे नसले तरी विसरण्याजोगे नाही. आकुंचलेल्या रोहिणीत बसवावयाच्या या इवल्याशा जाळीची, तिच्यावर औषधाचा लेप असल्यास, सरासरी छापील किंमत सव्वा लाख रुपयांच्या घरात होती. फेब्रुवारी २०१७ मध्ये राष्ट्रीय औषध किंमत निर्धारण प्राधिकरणाने ती २९,६०० रुपयांवर बांधली. साध्या स्टेंटची ७,२६० वर. त्याआधी प्राधिकरणाने प्रसिद्ध केलेल्या आकड्यांत काही स्टेंटवर रुग्णालयांचा नफा ६५० टक्क्यांच्याही पुढे गेलेला दिसला. ही लूट न्यायालयापुढे नेली ती वीरेंद्र सांगवान या दिल्लीच्या वकिलांनी. ज्यांच्या हातून या जाळ्या रोज बसत होत्या आणि ज्यांना त्यांची खरी किंमत सर्वांआधी कळली असणार, ती विद्वानांची परिषद तोवर काय करीत होती?

झटका येताच रोहिणी उघडल्याने जीव वाचतो, याविषयी दुमत नाही. पण ज्यांचा विकार स्थिर आहे त्यांचे मरण स्टेंटने वा बायपासने टळते काय, हा साधा प्रश्न मोठ्या प्रमाणावर तपासण्यासाठी अमेरिकेचा सरकारी निधी लागला. ३७ देशांतील ५,१७९ रुग्णांवरील त्या अभ्यासाचे उत्तर २०२० मध्ये छापून आले : छातीतील कळ कमी होते, मृत्यू वा झटके मात्र औषधांनी सुरुवात करणाऱ्यांहून कमी होत नाहीत. जाळी विकणारा हा प्रश्न स्वतःहून कशाला विचारील?

याचा अर्थ कंपनीच्या पैशाला शिवूच नये, असा नव्हे. झडपेच्या विकाराने ज्यांच्या हृदयाची लय बिघडते त्यांच्या रक्तात गुठळी होऊन पक्षाघात होऊ नये म्हणून वॉरफरिनच्या जातीचे जुने, स्वस्त औषध देतात. त्यासाठी वारंवार रक्त तपासून मात्रा ठरवावी लागते. रिव्हारोक्सॅबॅन या नव्या, महाग औषधाला ही कटकट नाही. तेव्हा गरिबाला तेच सोयीचे, असा युक्तिवाद होता आणि तो वरवर पाहता माणुसकीचाही वाटे. कॅनडातील मॅकमास्टर विद्यापीठाने २४ देशांतील साडेचार हजारांवर रुग्णांवर हा दावा तपासला. दिल्लीच्या अखिल भारतीय आयुर्विज्ञान संस्थेच्या हृदयरोग विभागातील डॉ. गणेशन कार्तिकेयन त्या कार्याच्या अग्रभागी होते. पैसा बायर कंपनीचा, औषधही तिचेच. पण प्रश्न आणि निष्कर्ष विद्यापीठाच्या हाती राहिले. २०२२ मध्ये निकाल लागला तो कंपनीच्या विरुद्ध : जुन्या औषधावरील रुग्ण कमी दगावले, आणि त्यांच्यात रक्तस्रावही अधिक झाला नाही. लगाम कोणाच्या हातात आहे यावर सारे अवलंबून असते, ते असे.

आता या निकालाने सरकारवर काय बंधन येते, ते पाहावे. जुने औषध श्रेष्ठ ठरले म्हणजे रक्ताची ती तपासणी रुग्णाच्या आटोक्यात आली पाहिजे. त्यासाठी मेळघाटातील वा माणदेशातील स्त्रीने दर महिन्याला मजुरी बुडवून, एस. टी. चे भाडे मोजून मोठ्या शहरातील रुग्णालय गाठावे काय? गाठता आले नाही की ती गोळ्या सोडते, आणि मग तिच्या केसपेपरवर ‘उपचारात हयगय’ असा शेरा पडतो. हयगय कोणाची? राज्याची विमा योजना झडप बदलण्याचे भलेमोठे बिल खासगी रुग्णालयाला चुकते करते. झडप बिघडूच नये म्हणून दर तीन आठवड्यांनी टोचावयाच्या बेन्झाथिन पेनिसिलीनचे मोठे बिल होत नाही, म्हणून त्यात कोणाला रसही नसतो.

या इंजेक्शनाचे सामर्थ्य युगांडाने दाखवून दिले. तेथे शाळकरी मुलांची हृदये ध्वनिलहरींनी तपासण्यात आली आणि बाहेरून कोणतेच लक्षण नसलेला झडपेचा आरंभीचा बिघाड ज्यांच्यात सापडला अशी आठशेच्या आसपास मुले निवडण्यात आली. निम्म्यांना दोन वर्षे दरमहा पेनिसिलीन टोचले. त्यांच्यातील तिघांचा विकार वाढला. इंजेक्शन न मिळालेल्यांत तेहतीस जणांचा. कित्येक दशके जुने, पेटंट संपलेले हे औषध! ते खपवण्यासाठी कोणी डॉक्टरांना परदेशवारी घडवत नाही.

आणि महाराष्ट्राने तर या औषधाचा कारखानाच उभा राहिलेला पाहिला आहे. जागतिक आरोग्य संघटना आणि युनिसेफ यांच्या साह्याने १९५४ मध्ये पिंपरीस हिंदुस्थान अँटिबायोटिक्स स्थापन झाली. स्वतंत्र भारताचे पेनिसिलीन सार्वजनिक मालकीच्या टाक्यांत तयार होऊ लागले. (हॅमायसिन हे बुरशीवरील औषधही याच कारखान्याच्या प्रयोगशाळेने शोधले, सार्वजनिक क्षेत्रात संशोधन होत नाही म्हणणाऱ्यांनी त्याची नोंद घ्यावी.) पुढे आयातीचे दरवाजे उघडले, चिनी मालाच्या भावापुढे येथील मूळ पेनिसिलीनचे उत्पादन बंद पडले. डिसेंबर २०१६ मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळाने कारखान्याची जादा जमीन विकण्याचा आणि कारखानाही विक्रीस काढण्याचा निर्णय घेतला. चार वर्षेही लोटली नाहीत तोच, २०२० मध्ये, त्याच सरकारला परावलंबनाची जाणीव झाली आणि पेनिसिलीनसारखी मूळ द्रव्ये देशात बनवावीत म्हणून खासगी उद्योगांसाठी हजारो कोटींचे प्रोत्साहन जाहीर झाले! घरची विहीर बुजवून शेजाऱ्याला आड खणायला पैसे देण्याचा हा प्रकार.

सार्वजनिक संस्थेला मुदत आणि मोकळीक दिली की काय होते, याचा दाखला तिरुवनंतपुरमला आहे. श्री चित्रा तिरुनाल संस्थेत डॉ. वलियाथन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी झडपेच्या रुग्णांसाठी देशी कृत्रिम झडप घडवावयास घेतली, कारण आयात झडपेची किंमत त्यांच्या रुग्णांना परवडत नव्हती. एकामागून एक तीन नमुने फसले. एखाद्या कंपनीने पहिल्याच अपयशानंतर खाते बंद केले असते. चौथा नमुना, धातूच्या चौकटीत प्लॅस्टिकची चकती असलेला, डिसेंबर १९९० मध्ये प्रथम माणसाच्या हृदयात बसला. आजवर एक लाखाहून अधिक रुग्णांना ती झडप मिळाली आहे. तिथला प्रश्न बाकावर बसलेल्या माणसाचा होता, आणि शस्त्रवैद्य व अभियंते एकाच सार्वजनिक छपराखाली काम करीत होते.

महाराष्ट्रातील वैद्यकीय महाविद्यालयांच्या हृदयरोग विभागांकडून हेच मागितले पाहिजे, आणि ते मागण्याआधी त्यांच्या रिकाम्या जागा भरण्याची मागणी मंत्रालयाच्या दारात केली पाहिजे. कोणत्या चाचणीसाठी कोणाकडून किती पैसा आला, हे विभागाच्या फलकावर मराठीत लिहिले जावे. रक्ताच्या त्या तपासणीची सोय प्रत्येक तालुक्याच्या ग्रामीण रुग्णालयात व्हावी, आणि पेनिसिलीन टोचण्यास घाबरणाऱ्या डॉक्टरांना विपरीत प्रतिक्रिया सावरण्याचे प्रशिक्षण व औषधे मिळावीत. पिंपरीच्या जमिनीचा भाव ठरवणाऱ्यांनी एकदा हेही जाहीर करावे : राज्यातील संधिवाती तापाच्या प्रत्येक मुलाला तारुण्य येईपर्यंत दर तीन आठवड्यांनी एक इंजेक्शन द्यावयाचे, तर वर्षाला किती कुप्या लागतात, आणि त्या आज कोठून येणार आहेत?